जळवेचा इलाज

जंगलात वेताच्या बनालगत एक रानम्हैस राहत असे, आणि तिच्याबरोबर तिचे दूधपिते रेडकू. अंगाने ती चांगली थोराड होती. ती वाटेत उभी राहिली की वाघसुद्धा मुकाट्याने बाजूने निघून जाई. एवढ्या मोठ्या जंगलात रेडकाला आसरा काय तो आईच्या पोटाखालचा. पण पाणवठ्यावरच्या हरिणींना तिला पाहिले की हसू आवरत नसे. "आल्या बाईसाहेब! आता आपल्याला पाणी उरतंय का बघू," एक म्हणे आणि बाकीच्या फिदीफिदी हसत. म्हैस अर्धवट पिऊनच माघारी फिरे. काय करणार बिचारी!

तिथल्या डबक्यात एक जळू होती. ती म्हणाली, "ताई, किती मनाला लावून घेता! थोड्याच दिवसांत तुम्हाला हरिणीसारखं करते. पण इलाज फुकट नसतो हं. काय द्याल?"

"मागशील ते देईन," म्हैस म्हणाली. असे कधी कुणाला म्हणू नये, पण तिला सांगणार कोण? जळू लगेच तिच्या मांडीला चिकटली. औषधही तेच आणि फीही तीच! म्हैस रोडावू लागली तशी जळू टम्म फुगली. मग तिने आपल्या साऱ्या बहिणींनाही बोलावून घेतले, आणि म्हशीने त्यांनाही नाही म्हटले नाही.

रेडकू ढुशा देऊन देऊन थकले. "आई, दूध येतच नाही गं."

"थोडा धीर धर, राजा. आता थोडंच राहिलंय," म्हैस म्हणाली. हरिणी आता हसत नव्हत्या, वळून वळून बघत होत्या. तेवढ्यानेच तिचे पोट भरत होते. रेडकाचे कशाने भरणार?

मग एके दिवशी वाघ आला, आणि या वेळी तो बाजूने गेला नाही. म्हैस शिंगे रोखून धावली खरी, पण चार पावलांत तिचे पाय लटपटले आणि ती गुडघ्यांवर कोसळली. तिच्या डोळ्यांदेखत वाघाने रेडकाला उचलून नेले. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तिच्यात खाण्यासारखे उरले होते तरी काय!

हरिणी सांत्वनाला आल्या. "फार वाईट झालं गं," सगळ्या म्हणाल्या. मग एक जरा जवळ सरकली. "पण एक सांगू? दिसतेस मात्र सुरेख हं आता."

म्हशीचे रडणे थांबले. "खरंच?" तिने विचारले.

मुलांनो, तिला हसू नका. हसणारे आधीच पुष्कळ होऊन गेले होते, आणि त्यांनीच हा घात केला.

तात्पर्य : लोकांचे हसणे थांबावे म्हणून जो वाटेल ते द्यायला तयार होतो, त्याचे सर्वस्व जाते, हसणाऱ्यांचे मात्र काहीच जात नाही.