मुका खडक आणि पाटलाची हलगी

रंगपंचमीचा दिवस, सकाळचे साडेसात. शेळवण आणि तांबेघर या दोन गावांच्या मधले रान. मुका खडक म्हणतात त्या काळ्या कातळावर गट ग्रामपंचायतीतले सगळे विरोधक ओळीने गप्प बसले होते. खाली ओढ्यात सरपंच स्वतः हलगी वाजवत होते, आणि वाईट वाजवत होते.

"वर्सातनं एकच दिस इरोधक गप बसत्यात," यल्लूबाई गुरव म्हणाल्या. "आन् त्याच दिशी सत्तेतल्यास्नी घाम फुटतोय. बघून घ्या." गावदेवीची पूजा त्यांच्या घराकडे आहे. ही रीत कशी पडली, ते आम्हां पाहुण्यांना त्यांनीच सांगितले.

संस्थानी अमलात हे रान दोन्ही गावांचे सामाईक होते. शिकार दोघांची, सरपण दोघांचे, मधही दोघांचा. फक्त शेळवणचे सटुप्पा पाटील आणि तांबेघरचे खेमाजी पाटील यांचे कशातच जमत नसे. त्यांच्या तक्रारींना कंटाळून सरकारांनी, म्हणजे संस्थानच्या राजांनी, म्हणे निरोप धाडला: रंगपंचमीला दोघांनी मिळून एक रानडुक्कर मारून वाड्यावर आणावे, नाही जमले, तर रान कोळशाच्या मक्तेदाराला जाईल. मक्तेदाराच्या गाड्या वेशीवर येऊन थांबल्यासुद्धा.

अशा शिकारीत एकाने हलगी वाजवत हाका घालायचा, जनावर उठवायचे, आणि दुसऱ्याने खडकावर दबा धरायचा. हलगी हातात घेणे म्हणजे पाटलाला कमीपणा. त्यामुळे दोघेही आपापली माणसे घेऊन खडकावरच दबा धरून बसले. सूर्य डोक्यावर आला तरी रानात पान हलले नाही.

"सटुप्पा, तुझी माणसं उठीव की," खेमाजी म्हणाले.

"आमी बसलोय. तूच उठीव."

"मग हू दे रानाचा कोळसा."

यावर सटुप्पांनी पागोटे काढून फांदीला अडकवले, वाजवणाऱ्याकडून हलगी मागून घेतली आणि ओढ्यात उतरले. पाटील हलगी वाजवतोय म्हटल्यावर दोन्ही गावची माणसे आपसूक त्यांच्यामागे हाक्याला गेली.

जनावर उठले ते नेमके खेमाजींच्या समोर आले. डुकरीण होती, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्ले. खेमाजींनी बंदूक रोखली आणि खाली ठेवली. हिला मारले तर पुढच्या साली या रानात उठवायचे काय, एवढेच ते म्हणाले म्हणे.

दोघे रिकाम्या हातांनी वाड्यावर गेले. चूक कोणाची, सरकारांनी विचारले.

"माझा नेम चुकला," खेमाजी म्हणाले.

"न्हाई सरकार, म्याच हाका उशिरा घातला," सटुप्पा म्हणाले.

"ह्यो खोटं बोलतोय."

"ह्योच बोलतोय."

तिथेही जमले नाही ते नाहीच. सरकार हसले. ज्याच्या हाती दोन्ही गावांचा कारभार त्याने हलगी वाजवावी, दुसऱ्याने खडकावर गप्प बसावे, आणि हे चालेल तोवर रानाला कुऱ्हाड लागू नये, असा हुकूम त्यांनी केला. मक्तेदाराच्या गाड्या रिकाम्या परतल्या.

पुढे कायद्याने शिकार बंद झाली. बंदुका गेल्या, हलगी राहिली. आजही निवडणुकीत सत्ता फिरली की आधी हलगी हात बदलते, मग दप्तर. रान तसेच दाट आहे, आणि ओढ्याच्या चिखलात डुकरांचे खूर उमटलेले आम्ही पाहिले.

त्याच चिखलापलीकडे यंदा हद्द आखावी तसे सिमेंटचे नवे खांब उभे आहेत. प्रत्येकावर लाल रंगात आकडा आहे, आणि ते थेट खडकापर्यंत गेले आहेत. हलगी खाली ठेवून सरपंच म्हणाले, आमचे नव्हेत. खडकावरून उतरून विरोधक म्हणाले, आमचेही नव्हेत. तालुक्याच्या कचेरीत मी तीनदा विचारले. खांब कोणी रोवले, हे अजून कोणी सांगितलेले नाही.