लहानूच्या विहिरीतलं पाणी

“…मग सांग ना माय, फोडू की नको?”

रंभाजीनं पुन्हा विचारलं. चंद्रामाय देवळाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “काय फोडायचंय?”

“बांध. ओढ्यावरचा. माझ्या रानातला.”

“कुदळ खांद्यावर घेऊन आलायस.”

“आलोय. पण तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का?”

“मग विचारायला आलास, की साक्षीला ठेवायला?”

रंभाजीनं खांद्यावरची कुदळ सावरली.

चंद्रामाय म्हणजे पिंपळदऱ्याच्या डोंगरावर, भैरोबाच्या देवळात राहणारी बैरागीण. ती कुठून आली, कुणाला ठाऊक नाही. गावातली भांडणं कोर्टात जायच्या आधी तिच्या ओट्यावर येत आणि बरीचशी तिथंच निवत. रंभाजीनं तिच्या हातून माळ घातली होती. तिचा पट्टशिष्य म्हणून गावात तो जरा मान ताठ करूनच चालायचा.

त्यात बांधाची भर पडली. सरकारी पाणलोटाचं काम गावात आलं, तेव्हा साहेबांनी सगळा डोंगर पालथा घातला आणि सांगितलं, मातीचा बांध घालायचा तर तो रंभाजीच्याच रानात बसतो. त्याची चांगली काळी पट्टी त्याखाली जाणार होती. सभेत बाकीचे जमिनीकडं बघत राहिले. रंभाजी उठला, संमतीवर सही करून आला. गावानं त्याला फेटा बांधला.

बांध झाला. पाऊसही झाला. पाणी अडलं, तुंबलं, डोळ्यांदेखत भुईत जिरलं… आणि निघालं कुठं? तर खालच्या अंगाला, चुलतभाऊ लहानूच्या विहिरीत. रंभाजीची विहीर वरच्या कातळात. ती होती तशीच कोरडी ठाक.

आता वैशाख चालू होता. रंभाजीच्या डाळिंबांची पानं वळून गेली होती. लहानूच्या रानात मात्र हिरवा घास डुलत होता. पारावरची पोरं रंभाजी दिसला की मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, “रंभाजीनं घातला बांध, लहानूनं काढला कांदा!”

“लहानू त्याच्या विहिरीवरनं पाइप टाक म्हणाला होता म्हणे,” माय म्हणाली.

“म्हणाला होता.”

“मग?”

“माझंच पाणी मी त्याच्या दारात जाऊन मागू? ओंजळ पसरून? त्यापेक्षा बांध फोडतो. येईल तो पाऊस जाऊ दे वाहून नदीला. मला नाही, तर कुणालाच नाही.”

मायनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“फोड,” ती म्हणाली.

रंभाजी गडबडला. माय नको म्हणेल, याची त्यानं तयारी केली होती. उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. आता ती सगळी तोंडातल्या तोंडात राहिली.

“फोडू?”

“बांध तुझा, कुदळ तुझी. पण आधी मला घागरभर पाणी आणून दे. रांजण रिता आहे.”

“कुठनं आणू?”

“लहानूच्या विहिरीवरनं. या दिवसांत दुसरीकडं आहे कुठं?”

रंभाजीनं कुदळ भिंतीला टेकवली. घागर उचलली. गुरूचं काम, नाही कसं म्हणायचं? पाऊलवाटेनं तो खाली उतरला, पण लहानूच्या शेताच्या बांधावर येताच थांबला. पाणी लागल्यापासून त्यानं हा बांध ओलांडला नव्हता.

लहानू विहिरीच्या काठावर विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं मान वर केली आणि डोळे बारीक केले.

“आज वाट चुकलास का, दादा?”

“मायला पाणी पाहिजे.”

“मग विचारतोस काय? सगळं पाणी तुझंच आहे म्हणून गावभर सांगत फिरतोस. उतर की आत. ओळखून ओळखून तुझं तेवढं भर आणि माझं राहू दे.”

“लहानू, तोंड सांभाळ.”

“सांभाळलं बाबा. खाली पायऱ्या शेवाळल्यात, तेवढा पाय तू सांभाळ.”

रंभाजी उतरू लागला. वर ऊन नुसतं जाळत होतं, आणि चार पायऱ्यांवरच अंगाला गारवा लागला. आणखी खाली गेला, तसा आवाज आला… झुळझुळ, संथ, न थांबणारा. वैशाखात, या शिवारात, असा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. त्याच्या बापानंही ऐकला नसेल.

तो थबकला. डोळे अंधाराला सरावले, तेव्हा त्याला दिसलं. विहिरीच्या कडेला काळ्या दगडात एक चीर होती. तिच्यातून मनगटाएवढी धार बाहेर पडत होती. स्वच्छ. माती नाही, गाळ नाही. कवडसा पडला होता तिथं ती काचेसारखी चमकत होती.

चीर उगवतीच्या अंगाला होती. त्याच्या रानाच्या अंगाला.

रंभाजी तिथंच पायरीवर बसला. बांधावर तुंबलेलं ते गढूळ, लाल पाणी त्याला आठवलं. त्यात मेलेली पानं होती, शेणकूट होतं, फेस होता. ते भुईत शिरलं. आत काय झालं, कुठल्या वाटेनं आलं, कुणी गाळलं… कुणाला ठाऊक. त्याचे हात आपोआप जोडले गेले. मग वर लहानू आहे हे आठवलं, आणि त्यानं ते सोडले.

घागर बुडबुडत भरली. पाणी होतं तेवढंच दिसत होतं.

वर आल्यावर लहानू विळा ठेवून उठला. घागर डोक्यावर चढवायला त्यानं हात लावला.

डोंगराची चढण त्या दिवशी रंभाजीला मोठी वाटली. मानेच्या शिरा ताठल्या, घाम डोळ्यांत उतरला. एक थेंब सांडू दिला नाही त्यानं. देवळाशी पोचला, तर चंद्रामाय काठी घेऊन उभी.

“रांजणात ओतू?”

“नको. वर आण.”

“वर कुठं?”

ती चालूही लागली होती. देवळामागून वाट माथ्यावर जात होती. वाटेत डोंगराच्या अंगावर कंगव्यानं ओढावेत तसे आडवे चर होते, पाणलोटाच्या कामातले. चरांच्या काठानं गवत उभं होतं. वाळलेलं, पण गुडघाभर. त्यात कुठं तित्तर ओरडत होता. इथवर रंभाजीनं स्वतः खणलं होतं. त्याच्या वर तो कधी गेला नव्हता. काम नव्हतं.

माथा आला आणि वाऱ्यानं त्याचं धोतर फडफडलं.

त्यानं पलीकडं पाहिलं आणि पाहतच राहिला. पलीकडं काम अजून आलं नव्हतं. तोच डोंगर, तोच दगड. पण त्या अंगाला काडी नव्हती. सोललेल्या पाठीसारखा उतार खालपर्यंत गेला होता. पावसानं पाडलेल्या घळी पायथ्यापर्यंत आणि त्यांच्याही पुढं, दूरवर. तळाशी मांडव्याच्या घरांचे पत्रे चमकत होते. त्या गावात रंभाजीचं कुणी नव्हतं. सोयरा नाही, ओळखीचा नाही.

“उतरव,” माय म्हणाली.

त्यानं घागर खाली घेतली. तिनं ती दोन्ही हातांनी कलती केली आणि माथ्यावरच्या उघड्या दगडावर ओतली. सगळी.

“माय!”

पाणी दगडाच्या कण्यावर पडलं आणि दुभंगलं. अर्धं अलीकडं आलं, पहिल्या चरात शिरलं आणि शांत झालं. अर्धं पलीकडं धावलं. सुटलंच ते. मुरमावरनं सरसरत, माती उकरत, बघता बघता लाल होत चाललं.

“अगं गेलं, गेलं ते!” रंभाजी ओरडला.

आणि तो पळाला. पलीकडच्या उतारावर, अनवाणी. पाण्याच्या पुढं जाऊन गुडघ्यांवर पडला आणि दोन्ही हातांनी मुरूम ओढू लागला. पाण्यानं तो ढकलून दिला. त्यानं खाली सरकून पुन्हा ओढला. दगड लावला, दगडाला माती लावली, मातीवर तळहात दाबून धरला. नख उचकटलं, रक्त आलं. त्याचं लक्ष नव्हतं.

पाणी थांबलं.

एवढंसं तळं झालं, परातीएवढं. त्यात आभाळ हललं, मग स्थिर झालं. मग हळूहळू, बुडबुडे सोडत, ते भुईत उतरू लागलं. भुई आतून ओढून घेत होती… जसं तान्हं बाळ दूध ओढतं.

शेवटी नुसती ओली जागा उरली. मातीचा वास उठला. रंभाजीचा तळहात अजून तसाच दाबलेला होता. त्यानं काढला नाही. वर पाहिलं नाही.

“जिरलं, माय,” तो पुटपुटला. “सगळं जिरलं.”

चंद्रामाय काठी टेकत उतरून त्याच्याशेजारी आली. वाकली. ओल्या मातीला बोट लावलं.

“कुणाच्या नावावर जिरलं?”