खळ्याएवढा मांडा आणि धुरपदाची हाक

पाय पांघरुणात घ्या आधी. घेतले? आता ऐका. एक होता राजा, आणि त्याच्या गावामागच्या डोंगरावर होता एक राक्षस. राजा आपला साधाच होता. गोष्ट आहे ती राक्षसाची आणि राजाच्या स्वयंपाकिणींची.

राक्षसाचं नाव भुकाजी. बारा वर्षं झोपायचा आणि तीन दिवस जागा व्हायचा. जागा झाला की त्याला लागायचा मांडा. मांडा ठाऊक आहे ना? पुरणाचीच पोळी, पण ती लाटायची नाही. दोन्ही हातांवर घ्यायची, फिरवत फिरवत ताणायची आणि उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. भुकाजीचा मांडा मात्र मळणीच्या खळ्याएवढा हवा, आणि अख्खा हवा. चांगला मिळाला की गडी खुशाल झोपायचा. फाटका मिळाला तर नदीला तोंड लावायचा. एका फाटक्या मांड्याला एक घोट. आणि त्या नदीत, बरं का, त्याच्या मापाचं पाणी होतं तीनच घोट. नदी गेली की गावही गेलं, दुसरं काय!

मागच्या खेपेला जुन्या मुकादमीणबाईंनी सगळं निभावलं होतं. त्या वारल्या आणि कोंडाबाई नवी मुकादमीण झाली. तिच्या हाताखाली बारा बायका. कोंडाबाई मनानं वाईट नव्हती हो, पण तिला वाटायचं, चढाओढ लावल्याशिवाय माणूस काम करत नाही. म्हणून तिनं एक नवी रीत पाडली. रोज संध्याकाळी बायकांना ओळीत उभं करायचं. जिचा मांडा सगळ्यांत मोठा, तिच्या कमरेला चांदीचा झारा खोचायचा. जिचा सगळ्यांत लहान, तिनं सगळ्यांची काळीकुट्ट भांडी घासायची.

झारा बहुतेक सजाबाईच्या कमरेला असायचा. सजाबाई म्हणजे दणकट बाई, मनगटं कशी मुसळासारखी. आणि भांडी नेमानं धुरपदाच्या वाट्याला. धुरपदा अबोल होती. वर्षभर ती शेवटचीच. बायका तिला म्हणायच्या, तुझे मांडे फक्त मनातच मोठे होतात. ती आपली हसायची आणि राख घ्यायची.

एके दिवशी सकाळी डोंगर हलला. झाडांवरची पाखरं उडाली. भुकाजी उठला! मग राजा धावत आला, प्रधान धावत आला, आणि अंगणात मोठ्ठं खापर पालथं पडलं. बारा जणींनी गोल केला, मुठी वर केल्या आणि त्यांच्या मुठींवर पिठाचा केवढा तरी गोळा ठेवला. सगळ्या गोल गोल फिरायला लागल्या आणि मांडा वाढायला लागला. बैलगाडीएवढा झाला. मांडवाएवढा झाला.

पण प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर झारा. मग काय, माझी कड मोठी की तुझी! सजाबाईनं जोर लावला. समोरून गजराबाईनं ओढलं. आणि फर्रकन मांडा मधोमध फाटला. भुकाजी डोंगरावरून वाकला, त्यानं नदीतला एक घोट घेतला आणि म्हणाला, उद्या येतो.

कोंडाबाई संतापली. ही अशी, ती तशी, सगळ्यांचा उद्धार झाला. मग तिनं ठरवलं, आता कुणावर म्हणून विसंबायचं नाही, सगळं आपणच बघायचं. तुमचा बाबा ऑफिसच्या फोनवर म्हणतो ना, मीच करतो, द्या इकडे? अगदी तस्सं. हसू नका मोठ्यानं, तो बाहेरच बसलाय.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईची नुसती धावपळ. हिचं कोपर वर कर, तिची मूठ फिरव, तू थांब, तू चाल. कुणी स्वतःहून बोट हलवलं की ओरडा. शेवटी सगळ्या नुसत्या उभ्याच राहिल्या, सांगेल तेव्हा हलू म्हणून. कोंडाबाई पूर्वेला होती आणि मांडा पश्चिमेला लोंबायला लागला. तिथल्या दोघींना दिसत होतं. त्यांनी हात वर केले का? छे. त्या कोंडाबाईच्या हुकमाची वाट बघत राहिल्या. मांडा मातीत टेकला आणि फाटला.

भुकाजीनं दुसरा घोट घेतला. आता नदीत गुडघाभर पाणी उरलं. मासे एका डबक्यात दाटीवाटीनं बसले. लोकांनी गाड्या जुंपल्या, अंथरुणं बांधली.

कोंडाबाईला काही सुचेना. भर दुपारी ती मोरीपाशी गेली. तिथं धुरपदा एकटी भांडी घासत बसली होती. गाव बुडायला आलं तरी हिचं काम चालूच. कोंडाबाई तिच्याशेजारी बसली आणि तिनंही एक पातेलं ओढून घेतलं. वर्षभरात ती तिच्याजवळ पहिल्यांदाच बसली होती बघा. मग तिनं विचारलं, धुरपदे, तुझा मांडा रोज लहान का गं राहतो?

धुरपदा हळूच म्हणाली, "अक्का, फाटायच्या आधी मांडा बारीक थरथरतो. मला ते लांबून दिसतं. मग मी माझा ठेवते आणि जिचा फाटायला आलाय तिच्या कडेला हात लावते. तेवढ्यात माझा वाळतो."

"मग काल का नाही बोललीस?"

"शेवटच्या बाईचं कोण ऐकतं, अक्का?"

कोंडाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की पातेलं हातातच राहिलं. वर्षभर तिनं मांडे मापले होते आणि ते कुणामुळे वाचत होते ते पाहिलंच नव्हतं.

तिनं लगेच बाराही जणींना बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक तुमची नाही, माझी आहे. मी तुम्हाला एकमेकींच्या विरुद्ध उभं केलं, आणि वर हातही बांधून ठेवले." मग ती एकेकीजवळ बसली. तुला काय चांगलं जमतं, तुला कुठं अडतं, असं विचारत गेली. गजराबाई चपळ, तिला जाळ सांभाळायला दिला. सजाबाई दणकट, तिला जड बाजू दिली, जिकडं पुरण गोळा होतं ती. आणि धुरपदाला चढवलं उंच ओट्यावर! तिनं बघायचं आणि हाक द्यायची. धुरपदाची जागा रिकामी झाली, तिथं मुठी वर करून कोण उभं राहिलं? स्वतः कोंडाबाई.

तिसरा दिवस उजाडला. भुकाजी डोंगरावर जिभल्या चाटत बसलेला. बायका फिरायला लागल्या. धुरपदाची हाक आली, यमुने, वर. यमुनेनं हात वर केले. सावित्रे, पुढं. ती पुढं झाली. मांडा मांडवाएवढा झाला, अंगणाएवढा झाला, खळ्याएवढा व्हायला आला! इतका पातळ की त्यातून सूर्य दिसायला लागला.

आणि सजाबाईचे हात सवयीनं ओढायला लागले. मांडा थरथरला.

"सजाबाई, सैल सोड," धुरपदा म्हणाली.

रोज पहिली येणारी बाई, ती शेवटच्या बाईचं ऐकेल? सजाबाईनं वर पाहिलं. एकदा मांड्याकडे पाहिलं. आणि मुठी सैल सोडल्या.

थरथर थांबली! मग एक, दोन, तीन म्हणत सगळ्यांनी मांडा उडवला. तो वर गेला, ढगासारखा तरंगला आणि खापरावर अल्लाद पसरला. गजराबाईनं जाळ असा राखला की कुठं डाग नाही. भुकाजीनं तो घडी घालून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि अशी ढेकर दिली की प्यायलेली नदी खळखळत परत आली. मासे नाचायला लागले. भुकाजी जागच्या जागी घोरायला लागला.

राजा आनंदानं वेडा झाला. चांदीचा झारा घेऊन आला आणि विचारायला लागला, आज पहिली कोण? कोंडाबाई काही बोलायच्या आत सजाबाई पुढं झाली.

"महाराज, मी वर्षभर जोरानं ओढत आले. आज धुरपदाचं ऐकून सोडायला शिकले. आता तुम्हीच सांगा, पहिली कोण?"

राजाला काही सांगता येईना. राजांना पुष्कळ गोष्टी सांगता येत नाहीत. पण त्या दिवसापासून ओळीत उभं राहणं बंद झालं. कोंडाबाई रोज कुणाशेजारी तरी बसायची आणि विचारायची, बाई गं, कसं चाललंय? गाव सुखानं नांदलं, नदी वाहती राहिली, आणि धुरपदा आता सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलायला लागली.

झाली गोष्ट. भुकाजी झोपला, तुम्हीही झोपा. आणि कोण आधी झोपतं, अशी पैज लावायची नाही.