मोटारीची शिशाची गादी

पेट्रोलमध्ये शिसं मिसळायचे, ते दिवस. मिरजेची एक निळी मोटार तेव्हा गाणं म्हणत आंबा घाट चढायची. तिच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह मिटताना खाली शिशाचा पातळ थर असायचा. गादीवर टेकावं तसे ते अलगद टेकायचे.

मग बिनशिशाचं पेट्रोल आलं. व्हॉल्व्ह उघड्या लोखंडावर आदळू लागले, त्यांच्या टेकायच्या जागा, म्हणजे सीटा, झिजल्या आणि निम्म्या घाटातच मोटारीचा दम संपला.

"आधीचं पेट्रोल मला माहेरासारखं जपायचं," ती नव्या पेट्रोलवर डाफरली. "तू आपलं हात हलवत आलंस!"

दस्तगीर मिस्त्रींनी इंजिन खोललं आणि व्हॉल्व्हखाली कडक पोलादाच्या सीटा बसवल्या. मोटार पुन्हा घाट चढू लागली, तरी तिचं पालुपद एकच, "मला माझी गादी हवी."

शेवटी सायलेन्सर म्हणाला, "ताई, ती गादी तुझ्यापाशी राहायची कुठं? विषारी धूर होऊन माझ्यातूनच बाहेर पडायची. शाळेपुढं तू थांबायचीस ना, तेव्हा माझ्या तोंडाशी पोरं उभी असायची."

त्यानंतर मोटारीनं गादी मागितली नाही.

घाटात तिला ते गाणं अजून आठवतं. शाळेपुढं मात्र, आपली पाठ कुणाकडं आहे, ते ती आधी बघते.