निवृत्ती कविता पारखतो

नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी निवृत्ती नावाचा एक भोळा पदवीधर राहायचा. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

त्याच गावात द्वारकाबाई हसबनीस कवितांची पुस्तकं छापायच्या. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. म्हणाल्या, "महिनाभर शीक. जमलं तर कायम करीन."

पहिल्याच दिवशी बाईंनी कवितांचा ढीग त्याच्या पुढ्यात ठेवला. "कुणाच्या कवितेत वजन आहे ते बघ."

निवृत्ती ढीग घेऊन वाण्याकडे गेला. तासाभरानं परत आला.

"बाई, सगळ्यात वजनदार कवी पाटणकर. सव्वादोन किलो. पुठ्ठ्यासकट."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, कविता तोलायची नसते. मोठ्यानं वाचायची. जीव हलला की म्हणायचं, 'वाहवा! पुन्हा एकदा!'"

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी पाटणकरांचा भाऊ चिठ्ठी घेऊन आला. निवृत्तीनं ती मोठ्यानं वाचली. "काल जिन्यावरून पडलो. पाय मोडला. फार कळा येतात." निवृत्तीचा जीव हलला.

"वाहवा!" तो ओरडला. "पुन्हा एकदा!"

भाऊ तरातरा निघून गेला.

बाई म्हणाल्या, "अरे, अशा वेळी मान खाली घालावी. डोळे पुसावेत. म्हणावं, 'फार वाईट झालं, धीर सोडू नका.'"

"बरं बाई."

तिसऱ्या दिवशी प्रमिला गुळवणी पेढे घेऊन आल्या. बाईंनी त्यांचा संग्रह छापायला घेतला होता. "माझं पुस्तक येतंय!" त्या म्हणाल्या.

निवृत्तीनं मान खाली घातली. डोळे पुसले. "फार वाईट झालं. धीर सोडू नका. घरी कळवलंत का?"

"कळवलं ना. सासूबाई तर रडल्याच!"

"रडणारच," निवृत्ती म्हणाला.

बाईंनी प्रमिलाबाईंची कशीबशी समजूत घातली. मग निवृत्तीला कोपऱ्यात बसवलं. "आता तू माणसांशी बोलूच नकोस. नुसते नकार पाठव. आपल्याकडे जागा नसली की पाकिटात चिठ्ठी घालायची. 'जागेअभावी साभार परत. पुढील प्रयत्नास शुभेच्छा.' आणि तिकीट विसरू नकोस, नाहीतर भुर्दंड समोरच्याला पडतो."

हे मात्र निवृत्तीला छान जमलं. त्यानं चाळीस पाकिटं पाठवली, एकही चुकलं नाही. बाई खूश झाल्या. त्याला कायम करायचं त्यांच्या मनात आलं.

महिनाअखेरीला प्रमिलाबाईंच्या पुस्तकाचं प्रकाशन होतं. अख्खं गाव लोटलं. बाईंनी निवृत्तीला सभागृहाच्या दारात उभं केलं.

पाच वाजता एक वयस्कर गृहस्थ बॅग घेऊन रिक्षातून उतरले. "मी आजचा अध्यक्ष. सकाळपासून एसटीत बसलोय."

निवृत्तीनं आत डोकावून पाहिलं. मुंगी शिरायला वाव नव्हता. मंचावर एक खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर 'राखीव' असं लिहिलेलं होतं. निवृत्तीनं अदबीनं हात जोडले आणि खिशातून एक पाकीट काढलं. अध्यक्षांनी चिठ्ठी दोनदा वाचली. तोवर त्यांची बॅग निवृत्तीच्या हातात होती.

सहा वाजले. लोक चुळबुळ करू लागले. प्रमिलाबाई रडकुंडीला आल्या. बाई धावत बाहेर आल्या.

"निवृत्ती, अध्यक्ष आले का रे?"

"आले होते, बाई."

"मग कुठं आहेत?"

"जागेअभावी साभार परत."

बाई मटकन पायरीवरच बसल्या.

"बाई, अजिबात काळजी करू नका," निवृत्ती म्हणाला. "तिकीट विसरलो नाही. साडेपाचच्या गाडीत बसवून आलो. खिडकीजवळ."