दोन घावांची फिर्याद

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, ऐका. खूप खूप वर्षांपूर्वी, ज्या काळातल्या राजांची नावेही आता कोणाला आठवत नाहीत, त्या काळी एका नगरात एक शल्यवैद्य राहत होता.

त्याचा हात हलका होता. अडलेल्या बाया त्याने सोडवल्या होत्या, मोडलेली हाडे बसवली होती. लोक त्याला देवासारखे मानत. त्या नगरात एक रीतही होती. वैद्याच्या शस्त्राखाली रोगी दगावला, तर घरच्यांनी वैद्याच्या हातांवर तांब्याभर पाणी ओतायचे. तुमचा दोष नाही, असा त्याचा अर्थ. त्यानंतर कोणी काही विचारायचे नाही.

त्याच नगरात एक कासार आणि त्याची कासारीण बांगड्या भरून पोट भरत. एकदा कासाराच्या पाठीत, उजव्या अंगाला, खोल गळू झाले. वैद्याने ते कापायचे ठरवले. कासार सकाळी आपल्या पायांनी चालत गेला. संध्याकाळी त्याला चौघांनी उचलून आणले.

"गळू फार खोल होतं," वैद्य म्हणाला. "आयुष्याची दोरी तेवढीच होती, बाई."

आंघोळ घालण्यासाठी देह कुशीवर वळवला, तेव्हा कासारणीला पाठीवर दोन घाव दिसले. एक उजवीकडे आणि एक डावीकडे. शेजाऱ्यांनीही ते पाहिले.

रीतीप्रमाणे वैद्याने हात पुढे केले. कासारणीने तांब्या उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"वैद्यबुवा, गळू एक होतं. मग घाव दोन कसे?"

वैद्याने हात मागे घेतले. कोरड्या हातांनीच तो परत गेला.

कासारीण फिर्याद करणार, अशी नगरात कुजबुज सुरू झाली. शेजारची म्हातारी तिला म्हणाली, "अगं, ज्याच्या हातात तुझी पोर पहिल्यांदा रडली, त्याच्यावर फिर्याद करायची? उद्या पाऊस कमी पडला तर देवावर करशील."

"आजी, पोरीचे उपकार मी जन्मभर मानीन," कासारीण म्हणाली. "पण नवऱ्याला काय झालं ते मला ठाऊक नको का?"

राजाच्या न्यायसभेचे दार सर्वांना उघडे होते. वैद्यावर फिर्याद घेऊन मात्र त्या दारातून आजवर कोणी आत गेले नव्हते. कासारीण गेली. वृद्ध न्यायाधीशांनी शेजाऱ्यांची साक्ष घेतली आणि परगावच्या एका जाणत्या वैद्याला बोलावून मत विचारले.

तो म्हणाला, "गळू कितीही खोल असो, निरोग्या बाजूला शस्त्र लावायचं कारण नाही."

तेव्हा शल्यवैद्य उभा राहिला.

"माझ्याकडे रोग्याचं डोकं नेहमी भिंतीकडे असतं. पालथा निजवला की उजवी बाजू खिडकीकडे येते. हातांना तेच वळण पडलं होतं. त्या दिवशी छपराची डागडुजी चालली होती. वरून कौल पडेल म्हणून खाट उलटी फिरवली होती. मी सवयीनं खिडकीकडे घाव घातला. तिथे गळू नव्हतं. मग दुसरा घातला, तोवर रक्त फार गेलं होतं. चूक माझी, बाई. आणि ती लपवली, तीही चूक माझीच."

कासारणीने पदराने डोळे पुसले.

"मी बायकांच्या समोर बसून बांगड्या भरते," ती म्हणाली. "समोरचीचा डावा हात माझ्या उजवीकडे येतो. माझीही गफलत होते. चूक मला समजते, वैद्यबुवा. तुम्ही गप्प राहिलात, ते समजत नव्हतं."

"याला काय शिक्षा द्यावी?" न्यायाधीशांनी विचारले.

"त्या हातांना काही करू नका. त्यांची पुष्कळांना गरज आहे. मला सांगितलं, तेवढं पुरे."

"तुला पुरे असेल, न्यायाला नाही," न्यायाधीश म्हणाले. "तुझी लेक मोठी होईपर्यंत तुमचा चरितार्थ वैद्य चालवील. ही भीक नव्हे, तुझा हक्क आहे. त्या जाणत्या वैद्याच्या हाताखाली वर्षभर राहिल्यावाचून हा शस्त्र धरणार नाही. आणि यापुढे रोगी दगावला, तर काय घडलं ते वैद्यानं आधी सांगायचं, मगच पाणी मागायचं."

वैद्याने सगळे मान्य केले. वर्षाने तो परतला. आता तो शस्त्र उचलण्याआधी रोग्यालाच विचारी, "कुठे दुखतं?" आणि रोगी शुद्धीवर असतानाच त्याच्याच बोटाने तिथे हळदीचा टिळा लावून घेई. हळूहळू आसपासच्या सगळ्या वैद्यांनी तसे करायला सुरुवात केली. कित्येक माणसे बरी होऊन घरी जाऊ लागली. आपण कोणाच्या प्रश्नामुळे वाचलो, हे त्यांना कधी कळले नाही.

पुढे कासारणीच्याच काखेत गाठ आली. ती त्याच वैद्याकडे निघाली, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "अगं, दुसरा कोणी बघ की."

"दुसरा कधी चुकला का, ते मला माहीत नाही," कासारीण म्हणाली. "हा चुकला, तेव्हा त्यानं सांगितलं."

गाठ निघाली. जखम भरली. कासारणीने वैद्याला हात जोडले. वैद्याने तिला त्याहून खाली वाकून नमस्कार केला.

तात्पर्य: उपकारकर्त्याला जाब विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे; सत्य पुढे आले, तरच उपकार निर्मळ मनाने मानता येतात.