आत कोंडलेला ताप

एका राज्यात दर वर्षी पूर्वेच्या घाटापलीकडून गार वारा येई आणि वाऱ्यावर बसून ताप येई. ताप दिसायला माणसासारखाच. देहादेहाचे दार हलवून पाही. पण तिथल्या लोकांनी चीन देशाहून आलेली एक पिवळी मुळी डोंगरावर लावली होती. तिचे नाव हेमकाठी. वारा सुटण्याआधी महिनाभर तिच्या चकत्या घालून शिजवलेली पेज प्यायली, की देहाचे दार घट्ट बसे. ताप येई, धक्के देई आणि निघून जाई.

नियम एकच. ताप आत शिरला असेल, तर मुळी द्यायची नाही. चोर घरात असताना कडी लावून काय उपयोग? हे त्या राज्यातले शेंबडे पोरही जाणत होते.

राजवैद्य भूरिवसूही जाणत होता. पण त्या वर्षी राजकन्या मंदारिका तापाने फणफणली. राजा अरिंदमाची ती एकुलती एक लेक.

"वैद्यराज, मुळी द्या."

"महाराज, पण..."

"मुळी द्या!"

वैद्याने मान खाली घातली आणि मुळीचा काढा पाजला. हाय रे दैवा! चाळीस वर्षांची विद्या, आणि ऐन वेळी जीभ टाळ्याला चिकटली.

ताप आत कोंडला. मंदारिकेच्या बरगड्यांआड दार ठोठावल्याचा आवाज येऊ लागला. त्याच घटकेला डोंगरावरची सारी हेमकाठी काळी पडली. मुळी राखणारी जोगीण शिखरावरून बोलली आणि साऱ्या राज्याने ऐकले, "नियम मोडला. तीन दिवसांत दार उघडले नाही, तर पोर जाईल, आणि मुळी पुन्हा पिवळी व्हायची नाही."

भूरिवसू रडत डोंगर चढला. वाटेत खडकावर एक नीलपंख पक्षी बसला होता.

"बाबा, उपाय सांग," वैद्य म्हणाला. "मी केले, मीच निस्तरीन."

"कामे तीन आहेत," पक्षी म्हणाला. "सात वर्षांची मुळी खण. तिला लोखंड लागू नये, टोक तुटू नये. मग ती जोगिणीच्या पायाशी ठेव आणि तोंडाने काही मागू नकोस. तिसरे काम ती सांगेल."

म्हातारा बोटांनी माती उकरत बसला. नखे गेली, पण संध्याकाळी हातभर लांब काळी मुळी अखंड निघाली. दुसऱ्या दिवशी ती त्याने जोगिणीपुढे ठेवली. जोगीण दिवसभर नुसती बघत राहिली. 'पोरीला वाचव' हे शब्द जितक्या वेळा ओठांवर आले, तितक्या वेळा त्याने ते गिळले. दिवस कलताना जोगिणीने मुळी त्याच्या हाती दिली.

"ही राजकन्येच्या उंबऱ्यावर जाळ. आणि त्या दिवशी राजापुढे जे बोलायचे राहिले, ते बोल."

वैद्याने हात जोडले. "माते, त्यापेक्षा आणखी शंभर मुळ्या खणतो."

"खणशील रे. पण बोलशील का?"

तिसऱ्या दिवशी साऱ्या दरबारादेखत त्याने उंबऱ्यावर मुळी जाळली. आतले ठोठावणे आता मंद झाले होते. राजा लेकीच्या उशाशी बसला होता.

"महाराज," भूरिवसू म्हणाला, "मुळी द्यायची नव्हती. मला ठाऊक होते. मी आपल्याला भ्यालो, ही माझी चूक. आपण मला बोलू दिले नाहीत, ही आपली."

राजाने तलवार उपसली. "माझी पोर मरणाच्या दारात, आणि तू मलाच..." तो लेकीकडे बघत राहिला. मग तलवार खाली आली.

"खरे आहे," राजा म्हणाला. "मी बोलू दिले नाही."

कडी निघाल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. ताप मंदारिकेच्या देहातून वाकून बाहेर आला, त्याने स्वतःच्या कपाळीचा घाम पुसला, आणि तो धुरामागोमाग उंबरा ओलांडून निघून गेला. डोंगरावरच्या मुळ्या पुन्हा पिवळ्या झाल्या.

"बाबा, पाणी," मंदारिका म्हणाली.

दहा दासी धावल्या. "थांबा, मी आणतो," राजा म्हणाला. दारापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

"वैद्यराज," तो हलकेच म्हणाला, "आपल्या वाड्यात पाणी कुठे ठेवतात?"

वैद्याने त्याचा हात धरला आणि दोघे मिळून पाणी आणायला गेले. कहाणी इथे थांबते. ऐकणाऱ्यांची लेकरे सुखरूप राहोत.